खुंटी पिळायची नाही

शाहीर हरणाबाईंच्या मागे उभा राहून तुणतुणं वाजवणारा माणूस त्यांचा नवरा आहे, हे कार्यक्रम संपेपर्यंत बहुतेकांच्या ध्यानात येत नसे. हरणाबाई डफावर थाप मारून पुढे आल्या की सगळे त्यांच्याचकडे बघत. उंचीपुरी बाई, कपाळाला आडवं कुंकू, डोक्याला फेटा, आणि आवाज असा की मागे पेंगणाऱ्या म्हाताऱ्याने दचकून नीट बसावं. त्यांच्या डाव्या खांद्यामागे आकाराम. अंगाने किरकोळ, मान जराशी खाली. 'जी जी रं जी' म्हणायची वेळ आली की तोंड उघडायचं, एरवी तार छेडत राहायची. कुणी फोटो काढलाच तर त्यात आकारामचा निम्मा चेहरा यायचा. उरलेला निम्मा फेट्याच्या तुऱ्यामागे.

त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं. चार माणसांत बोलायचं म्हटलं की त्याचे तळहात ओले होत. बायको पुढे आहे म्हणून आपल्याला कुणी विचारत नाही, ही त्याला देवाची कृपाच वाटायची.

पण एक गोष्ट फक्त त्याला माहीत होती. पोवाडा तापला की हरणाबाईंचा सूर चढायचा. एकदम नव्हे. मंद आचेवर ठेवलेलं दूध वर येतं तसा, बघता बघता. त्या वेळी आकारामचा हात तुणतुण्याच्या खुंटीवर असायचा. तो खुंटीला केसाइतका पीळ द्यायचा आणि तार हरणाबाईंच्या सुराला जाऊन मिळायची. पोवाड्याच्या पुढच्या चौकात, म्हणजे पुढच्या कडव्यात, पुन्हा केसभर. कार्यक्रम संपेस्तोवर सूर सुरू केला तिथून चांगलाच वर गेलेला असे, पण तारही सोबत गेलेली असल्यामुळे कुणाला पत्ता लागत नसे. ढोलकीवाल्या गुंडाला शंका यायची, पण तो दिव्यांकडे बोट दाखवून म्हणायचा, "लाइटीनं ढोलकीचं पान चढतंय गड्या."

आणि हरणाबाई गावभर सांगायच्या, "माझा सूर म्हंजी दगडी खांब हाय. हलायचा न्हाई."

आकाराम मान डोलवायचा. मागे उभ्या राहणाऱ्याने पुढच्याला सांभाळून घ्यायचं, ही त्याची लहानपणापासूनची समजूत होती.

दिवस बदलले. आता मोठमोठे स्पीकर आले. त्यातून डफ आणि ढोलकी छातीवर आदळायची, आणि तुणतुणं मात्र डास गुणगुणावा तसं कुठेतरी लांब ऐकू यायचं. दोन ठिकाणच्या संयोजकांनी कार्यक्रमानंतर चहा देता देता हरणाबाईंना सांगितलं, की आवाज झकास आहे, पण मागे फार मोकळं मोकळं वाटतं, काहीतरी भरीव आणा. हरणाबाईंच्या मनाला ते लागलं. तासगावजवळच्या त्यांच्या घरी, भाकरी थापता थापता त्यांनी विषय काढला.

"त्या उंब्रजच्या ऋषिराजला ईचारावं म्हणते. कीबोर्ड वाजवतोय. आर्केस्ट्रात हाय."

"मग मी?"

"तुमी हायच की. खालच्या खुर्चीत बसायचं, टाळ्या वाजवायच्या. लय वर्सं उभा ऱ्हायला. पाय दुकत्यात म्हणता न्हवं?"

आकाराम उठून अंगणात गेला. त्याला खुर्चीचं दुःख होतंच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. कीबोर्डच्या पट्ट्या जागच्या हलत नाहीत. हरणाबाई वर जातील आणि तो पोरगा खालीच राहील. सगळ्या लोकांसमोर दोन सूर एकमेकांना घासतील. शाहीर बेसूर झाली म्हणून तो पोरगा उंब्रजच्या चौकात हसेल. आणि त्या वेळी आपण कुठे असू? खुर्चीत, टाळ्या वाजवत.

 तिसऱ्या दिवशी तो माळ्यावर चढला आणि थोरल्या मुलाने, जयराजने, कॉलेजात असताना हौसेने घेतलेली गिटार खाली काढली.

"ह्ये मी वाजवतो," तो म्हणाला.

हरणाबाई इतक्या हसल्या की त्यांना पदराने डोळे पुसावे लागले. "आवं, तुमच्या वयाची माणसं गुडघ्याला तेल चोळत्यात! गिटार?"

"तारंचंच वाद्य हाय की. मला तारंचं कळतं."

"एका तारंचं कळतं. ह्येला सा तारा हायत." मग नवऱ्याचा चेहरा बघून त्या थोड्या नरमल्या. "बरं. साताऱ्याच्या कार्यक्रमापातूर येळ देते. तितं जमलं तर तुमी. न्हाई जमलं तर ऋषिराज. मागनं रुसायचं न्हाई."

माधवनगरला कापडाच्या एका दुकानावरच्या खोलीत चंदना नावाची मुलगी गिटार शिकवायची. दुकान तिच्या वडलांचं, महावीरशेठचं. आकाराम तासगावहून एसटीने गेला आणि जिन्याखाली बराच वेळ उभा राहिला. शेवटी महावीरशेठच म्हणाले, "पावणं, शर्टपीस बघताय का गिटार शिकताय? गिटार असंल तर वर जावा. पडदे असले तर ते बी हायत."

चंदनाने त्याला बसवलं, पाणी दिलं. "काका, आधी काही वाजवलंय का?"

"तुणतुणं. आणि तरुणपणी लग्नाच्या वरातीत बेंजो."

"मग निम्मं काम झालेलंच आहे."

ते निम्मं काम मोठं विचित्र निघालं. तुणतुण्याने त्याचा उजवा हात तयार केला होता. ठेका कधी चुकत नसे. बेंजोने त्याला चाली दिल्या होत्या. गाणं एकदा ऐकलं की कानात बसायचं. पण डावा हात आयुष्यभर निवांत होता. तुणतुण्यात त्याने नुसतं धरायचं आणि खुंटी बघायची. बेंजोला टाइपरायटरसारखी बटणं. दाबली की खालची पट्टी तारेवर बसते, बोटाला तार कधी लागतच नाही. गिटारच्या तारा थेट बोटांत घुसत होत्या. तीन बोटं तीन तारांवर एकदम ठेवून एक कॉर्ड धरायची, आणि चौथं मध्ये येऊ द्यायचं नाही. आकारामची बोटं एकमेकांवर अशी चढायची जशी बाजाराच्या दिवशी गाडीच्या दारात माणसं.

"काका, ही तार मुकी झाली. करंगळी आडवी येतेय."

"व्हय मॅडम. ती ऐकत न्हाई."

"मला मॅडम म्हणू नका हो."

"बरं मॅडम."

घरी वाजवायची सोय नव्हती. हरणाबाई हसायच्या आणि शेजारणींना हाक मारून आणायच्या. म्हणून तो मळ्यातल्या बेदाण्याच्या शेडमध्ये जाऊन बसू लागला. हंगाम संपला होता. जाळीच्या कप्प्यांत काही नव्हतं, नुसता गोडसर आंबूस वास. तिथे तो पालथ्या क्रेटवर बसून एका कॉर्डवरून दुसरीवर जायचा. बोटांची टोकं सुजली, मग सोलली, मग घट्ट झाली. आपल्याला हे जमणार नाही, याबद्दल त्याची खात्री होती. पण खात्री असूनही तो रोज शेडमध्ये जाऊन बसत होता, आणि हे कसं काय, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

पावसाळा सरेपर्यंत तीन-चार कॉर्ड हाताखाली आल्या. चंदनाने त्याला कॅपो दिला. हा चिमटा गिटारच्या दांड्यावर लावला की सगळ्या तारा एकदम वर चढतात. दांड्यावरच्या पट्ट्यांमधल्या पहिल्या घरात कॅपो लावला की हरणाबाईंचा, पेटीवरचा काळी चारचा, सूर सापडायचा. घरी एकदा त्या डाळ निवडत गुणगुणल्या आणि त्याने मागे साथ दिली.  त्या डाळ निवडायच्या थांबल्या. आकारामला वाटलं, जमलं.

जमलं नव्हतं. घरी गुणगुणताना त्यांचा सूर चढत नसे. तो चढायचा माणसं समोर बसली की.

शेजारच्या गावात व्यायामशाळेचं उद्घाटन होतं. हरणाबाई म्हणाल्या, साताऱ्याच्या आधी इथे बघू. नवा पोवाडा होता, त्यांनीच रचलेला: नवरा सीमेवर आणि मागे घरची शेती एकटीने ओढणारी जवानाची बायको. नमन झालं, पहिला चौक झाला. गिटारचा आवाज स्पीकरमधून भरून येत होता. गुंडाने मान डोलावली. दुसऱ्या चौकात हरणाबाई तापल्या. सूर उचलला गेला, आणि आकारामचा डावा हात, त्याला न विचारता, खुंटीकडे गेला.

त्याने पीळ दिला. एक तार वर गेली, पाच तिथेच राहिल्या. गोठ्यात काहीतरी घुसल्यावर जनावरं ओरडावीत तसा आवाज झाला. घाबरून त्याने दुसरी खुंटी पिळली, मग पुन्हा पहिली, आणि सगळ्यात बारीक तार फाडकन तुटून त्याच्या कानशिलावर बसली.

पोरं खिदळली. हरणाबाईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. डफावर थाप मारून म्हणाल्या, "तार तुटली तर तुटू द्या मंडळी, शाहीर तुटायची न्हाई!" टाळ्या पडल्या. उरलेला पोवाडा त्यांनी डफ-ढोलकीवर काढला.

घरी आल्यावर त्या रागावल्या नाहीत, त्याचं आकारामला जास्त वाईट वाटलं. कानशिलाला हळद लावत म्हणाल्या, "जाऊ द्या. सगळ्यांस्नी सगळं जमतंय असं न्हाई. ऋषिराजला फोन करू का?"

"साताऱ्यापातूर म्हणाली हुतीस."

"आवं, पर—"

"साताऱ्यापातूर."

दुसऱ्या दिवशी तो तुटकी तार खिशात घेऊन माधवनगरला गेला. चंदनाने नवी तार चढवता चढवता विचारलं, "पण वाजवताना हात तिकडे नेलात कशाला?"

आणि मग आकारामने जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. सूर कसा चढतो, खुंटी कशी पिळायची, केसभर म्हणजे किती. चंदना आधी हसली. मग हसायची थांबली.

"काकूंना माहीत नाही?"

"न्हाई."

"इतकी वर्षं?"

"कळू दिलं न्हाई."

तिने थोडा विचार केला. "कॅपो एक घर पुढे सरकवला तर फार चढेल. काकू एका दमात तेवढ्या चढत नाहीत. मधेच कुठेतरी असतात. आणि सहा तारा चालू गाण्यात पिळता येत नाहीत, कुणालाच. काका, गिटार गाणाऱ्याच्या मागे जात नाही. ती लावली तिथेच राहते. गाणाऱ्याला तिच्याजवळ थांबावं लागतं."

"आणि थांबलीच न्हाई तर?"

"तर तुम्ही वाजवत राहायचं. नीट ऐकू येईल असं. काकूंचा कान चांगला आहे ना?"

"लय चांगला."

"मग त्यांना ऐकू तर द्या एकदा."

एसटीत बसून येताना आकारामच्या डोक्यात ते वाक्य फिरत राहिलं. आपण इतकी वर्षं बायकोला सांभाळून घेतलं, असं त्याला वाटत आलं होतं. पण तिचा सूर हलतोय हे तिला कळायची एकही संधी आपण दिली नाही, हेही तितकंच खरं होतं. त्याला दोन्ही पटत होतं आणि दोन्हींची भीती वाटत होती.

शेडमधला सराव बदलला. आता तो मनात हरणाबाईंचा चढलेला सूर धरायचा, तोंडाने तो म्हणायचा, आणि हाताने खालच्याच सुरावर वाजवत राहायचा. कानाला ते इतकं खुपायचं की दात आंबायचे. डावा हात वर सरकायचा, तो ओढून खाली आणायचा. पुन्हा सरकायचा, पुन्हा आणायचा. एकदा त्याने हात दोरीने गिटारला बांधून पाहिला. मग कॉर्डच धरता येईना, तेव्हा स्वतःवरच हसून दोरी सोडली.

हरणाबाईंना आधी सांगावं, असंही त्याने ठरवलं होतं. जेवताना म्हणाला, "अगं, तुझा सूर..."

"काय माझा सूर?"

"चांगला हाय."

"ते मला म्हाईत हाय. भाकरी घ्या."

साताऱ्याला जाताना उंब्रजला चहाला गाडी थांबली. गुंडा चहाबरोबर वडापाव खात होता. आकारामने पेला खाली ठेवला आणि सगळा धीर गोळा करून हरणाबाईंकडे पाहिलं.

"आज जरा गिटारीकडं कान ठिव. आज मी तुझ्या मागं येणार न्हाई."

"मागं न्हाई तर काय म्होरं उभारणार? फेटा बी देऊ का?"

गुंडाच्या नाकातून चहा आला. आकारामही हसला. पण म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

साताऱ्याचं सभागृह भरलेलं होतं. पुढच्या रांगांत पेन्शनीत आलेले फौजी आणि त्यांच्या बायका. हरणाबाईंनी मुजरा केला, पहिला चौक घेतला. दुसऱ्या चौकात जवानाची बायको आजारी बैलाशेजारी बसते, तिथे पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळ्याला पदर लावला. ते हरणाबाईंनी पाहिलं आणि त्या पेटल्या. तिसरा चौक सुरू झाला तोच मुळी वर.

आकारामला ते इतरांच्या आधी ऐकू आलं. डावा हात हलला. त्याने तो हलू दिला नाही. कॉर्ड घट्ट धरली, इतकी की तारा बोटांत रुतल्या, आणि मूळ सूर ठामपणे वाजवला. दोन सूर एकमेकांना घासू लागले. गुंडाने चमकून वर पाहिलं.

ओळ संपली. 'जी जी रं जी' म्हणायच्या निमित्ताने हरणाबाई मागे सरकल्या आणि दात आवळून पुटपुटल्या, "सूर लावा की! उतरलाय तुमचा!"

आकारामने मान हलवली. नाही.

त्या क्षणभर बघतच राहिल्या. लग्नापासून आजवर या माणसाने त्यांना मानेने 'नाही' म्हटलं नव्हतं. पुढची ओळ त्यांनी आणखी रेटून घेतली, जणू गिटारला ओढून वर आणणार होत्या. आपण बायकोला भर सभेत खाली पाडतोय, असं आकारामला वाटलं. घामाने हात निसरडा झाला. तरी तो वाजवत राहिला, एकच कॉर्ड, ठेका न सोडता, आधीपेक्षा मोठ्याने.

हरणाबाईंनी डफ काखेत मारला आणि गाणं थांबवलं. पोवाड्यात मधे बोलायची रीतच असते, त्यामुळे लोकांना काही वावगं वाटलं नाही.

"मंडळी," त्या म्हणाल्या, "जवानाची बायकू. नवरा हजार कोसावर. औत कुणी धरायचं? तिनंच. बैल कुणी वळवायचा? तिनंच. आणि माझं नशीब बगा! माझा नवरा हितंच हाय, हाताच्या अंतरावर. जलमभर मी म्हणंल तसा वळला. आज साताऱ्यात येऊन आडून बसलाय! म्हणतोय, मी न्हाई हलणार!"

सभागृह हसलं. एक फौजी ओरडला, "शाब्बास पावणं! पोस्ट सोडू नका!"

आकारामचं तोंड कानापर्यंत लाल झालं. हात मात्र चालू होता. आणि त्याने पाहिलं: बोलत असताना हरणाबाईंची मान किंचित डावीकडे कलली होती. त्या लोकांना हसवत होत्या आणि गिटार ऐकत होत्या. मग हसू संपलं, त्यांनी श्वास घेतला आणि तिसऱ्या चौकाची तीच ओळ पुन्हा उचलली. बरोबर गिटारवर.

तो आवाज आकारामने कधी ऐकला नव्हता. खाली आला होता, पण लहान झाला नव्हता. वर जाताना त्याला जी धार चढायची ती गेली होती. त्याऐवजी रुंदी आली होती, जशी पूर ओसरल्यावर कृष्णा संथ आणि भरलेली वाहते. पुढच्या रांगेतली ती बाई आता उघडपणे रडत होती. चौथ्या चौकात सूर पुन्हा निसटू लागला. या वेळी हरणाबाई आपणहून मागे वळल्या, त्याच्या हाताकडे पाहिलं आणि निम्म्या वाटेवरून परत आल्या. पूर्ण नाही. थोडं घासतच राहिलं. तरी पोवाडा तडीला गेला, आणि लोक उभे राहिले.

बाहेर गाडीपाशी हरणाबाईंनी फेटा काढून बॉनेटवर ठेवला. गुंडा ढोलकी बांधत होता. त्याला बहुतेक काहीतरी कळलं असावं, कारण तो गाठ पुन्हा पुन्हा मारत होता.

"कवापास्नं?" हरणाबाईंनी विचारलं.

"काय?"

"माझा सूर चढतोय."

आकारामने खाली पाहिलं. "पयल्यापास्नं."

"आणि तुमी?"

"मी तार पिळायचो."

"आणि मी जगाला सांगत सुटले, दगडी खांब म्हणून!"

"लोकास्नी खांबच वाटला की."

"वाटणारच! तुमी खालची जमीनच उचलत हुता!" त्यांनी फेटा उचलला, पुन्हा आपटला. "मला का न्हाई सांगितलं?"

"तू ऐकलं नसतंस."

हरणाबाईंनी फेट्याचा तुरा सरळ केला. "न्हाईच ऐकलं असतं," त्या म्हणाल्या.

बसस्थानकाच्या बाजूने एसटीचा हॉर्न वाजला. आकारामने विचारायचं ते विचारून टाकलं. "मग ऋषिराजला काय सांगायचं?"

"त्याला काय सांगायचंय? जागा भरली म्हणावं." मग त्यांनी बोट रोखलं. "पर तुमी बी काय लय मोठे लागून गेला न्हाई. चौथ्या चौकात दोनदा बोटं अडकली. मी ऐकलं."

"व्हय. अडकली."

"आणि मी बी पुरती आले न्हाई."

"न्हाई आलीस."

"मग गिटार काडा."

"आत्ता? हितं?"

"मग काय तासगावात जाऊन ईसरल्यावर काडता?"

गुंडा कपाळावर हात मारून ढोलकी सोडू लागला. आकारामने गिटार गळ्यात घातली, कॅपो लावला आणि कॉर्ड वाजवली. हरणाबाईंनी डोळे मिटून सूर धरला आणि चौथा चौक सुरू केला. पहिली ओळ बरोबर बसली. दुसरीही. तिसऱ्या ओळीला त्यांचा हात वर गेला, मान मागे गेली.

आकारामने तारांवर तळहात ठेवून आवाज बंद केला.

"थांब," तो म्हणाला. "चढलीस."

हरणाबाईंनी डोळे उघडून त्याच्याकडे असं पाहिलं की गुंडा दोन पावलं मागे सरला. आकारामचे तळहात ओले झाले होते. पण तो जागचा हलला नाही, आणि त्याने तीच कॉर्ड पुन्हा वाजवली.

हरणाबाईंनी श्वास घेतला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं.